त्या पंख्यापाशी काम कोण करतं? सातारा जिल्ह्यातल्या शाळांसाठी वर्षभराचा आराखडा

पाटण आणि सातारा तालुक्यातल्या कितीतरी शाळांच्या मैदानातून पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात. आमच्याकडची मुलं त्यांना ‘पंखे’ म्हणतात. आठवीच्या वर्गात एकदा विचारून पाहा, त्या पंख्यापाशी काम कोण करतं? ‘वॉचमन’, ‘कंपनीची माणसं’ एवढं येतं, मग वर्ग गप्प होतो. रोज डोळ्यांसमोर फिरणाऱ्या यंत्रामागे फिटर आहे, वायरमन आहे, नियंत्रण कक्षात पडद्यावर आकडे वाचणारी डिप्लोमाधारक मुलगी असू शकते, हे मुलांच्या मनातच येत नाही.

मी विज्ञान शिकवतो. करिअर मार्गदर्शनाची भाषणं मी बरीच ऐकली आणि काही वर्षं स्वतःही दिली. त्यातून मुलांच्या हाती काही लागत नाही. माणूस भेटला, एखादा आकडा स्वतः मोजला आणि पुढचा अर्ज कुठे भरायचा हे कळलं, तरच मूल त्या वाटेचा विचार करायला लागतं. म्हणून हा आराखडा, सहकारी शिक्षकांसाठी. साधारण १५ तासिका, दोन भेटी आणि एक जाड वही लागते. वर्ग आठवी आणि नववीचे घ्या. दहावीत फार उशीर होतो, तोवर मामांनी किंवा शेजाऱ्यांनी ठरवून टाकलेलं असतं. नव्या शैक्षणिक धोरणातले दप्तराविना १० दिवस सहावी ते आठवीसाठी आहेत. आठवीत ते या कामाला वापरता येतात, त्यामुळे त्या वर्गासाठी मुख्याध्यापकांकडे वेगळा वेळ मागावा लागत नाही.

जून-जुलै: तालुक्याचा विजेचा नकाशा

कार्डशीटवर तालुक्याची बाह्यरेषा काढा आणि मुलांना भरायला द्या. गटात पाचपेक्षा जास्त मुलं नकोत. काय शोधायचं ते सांगून टाका: धरण, वीज उपकेंद्र, पवनचक्क्या, साखर कारखाना, सौर प्रकल्प, शेतातले सौर पंप, गोबरगॅस आणि मोटर रिवाइंडिंगची दुकानं. शेवटची गोष्ट मुलं हमखास विसरतात, म्हणून ती आधीच सांगा. जळालेल्या पंपाची तांब्याची तार उलगडून पुन्हा भरणारा बाजारपेठेतला माणूस हा या मुलांना रोज भेटू शकणारा विद्युत क्षेत्रातला कारागीर आहे, आणि त्याच्या हातातलं ज्ञान पुस्तकातल्या ‘विद्युत मोटर’च्या धड्याइतकंच खरं आहे.

आपला जिल्हा या नकाशासाठी भाग्यवान आहे. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॉट आहे. तिचे भाग मुलांकडून बेरीज करून घ्या: पहिला आणि दुसरा टप्पा मिळून ६००, तिसरा ३२०, चौथा १००० आणि धरणाच्या पायथ्याचं वीजगृह ४०. धरण आपल्याकडे, पण मुख्य वीजगृहं डोंगराच्या पोटात, चिपळूणच्या बाजूला पोफळीकडे. पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेला सोडून कोकणात उतरवलं आहे. वीज करून झाल्यावर ते वाशिष्ठी नदीला मिळतं. मार्च १९९९ मध्ये चौथ्या टप्प्यासाठी शिवसागराच्या, म्हणजे कोयनेच्या जलाशयाच्या, तळाला पाण्याखालून छिद्र पाडलं, त्याला ‘लेक टॅपिंग’ म्हणतात. त्या दिवसाच्या आठवणी गावातल्या वडीलधाऱ्यांकडे असतात. त्या मुलांनी विचारून लिहून आणाव्यात.

नकाशावर वनकुसवडे आणि चाळकेवाडीची पवनचक्क्यांची पठारं येतील. कऱ्हाडचा सह्याद्री, रेठऱ्याचा कृष्णा, शेंद्रेचा अजिंक्यतारा, भुईंजचा किसन वीर असे कारखाने येतील. ऊस गाळून उरलेला भुसा, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वाफेवर वीज करायची, हे सहवीजनिर्मितीचं तंत्र साखरपट्ट्यातल्या मुलाने चिमणीचा धूर बघताना ओळखायला हवं.

नकाशाशेजारी एक जुनी पट्टी जोडा. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत काच आणि ‘प्रभाकर’ कंदील तयार व्हायचे. १९१० मध्ये शेजारच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी उभी राहिली, लोखंडी नांगरापासून पुढे पंपांपर्यंत गेली. १९२२ मध्ये साताऱ्यात कूपर कारखाना सुरू झाला. रयत शिक्षण संस्था स्थापन करणारे कर्मवीर भाऊराव पाटील तरुणपणी ओगल्यांच्या काचमालाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करत गावोगाव फिरले होते, हे आमच्या मुलांना माहीत नसतं. यंत्र आणि शाळा या भागात बरोबरीने वाढल्या आहेत, हे कळलं की ‘इंजिनिअरिंग म्हणजे पुण्याकडचं काहीतरी’ हा समज सैल होतो.

ऑगस्ट-सप्टेंबर: एका टाकीत किती वीज?

नववीत मुलं mgh शिकतात, म्हणजे वस्तुमान × गुरुत्वत्वरण × उंची, ही स्थितिज ऊर्जा. इथे थोडं थांबा, कारण माझ्या अनुभवात सगळ्या आराखड्यात मुलांना हाच तास सर्वात जास्त आवडतो.

घरावरची १००० लिटरची पाण्याची टाकी घ्या. वस्तुमान १००० किलो. कोयनेच्या जुन्या टप्प्यांत पाणी सुमारे ४७५ मीटर खाली येतं. १००० × ९.८ × ४७५ म्हणजे सुमारे ४६ लाख ५५ हजार ज्यूल. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. भागाकार करा, येतात साधारण १.३ युनिट. यंत्रातली घट धरून, ९० टक्के कार्यक्षमतेने, १.१६ उरतात. म्हणजे एक टाकीभर पाणी कोयनेच्या डोंगरावरून उतरलं, तर एक युनिटापेक्षा थोडी जास्त वीज. १० वॉटचा एलईडी बल्ब शंभर तासांहून अधिक जळेल.

मग विचारा, तीच टाकी १० मीटर उंचीच्या छतावरून रिकामी केली तर? ९८,००० ज्यूल. एका युनिटसाठी जवळपास ३७ टाक्या, तीही काही वाया न जाता. सह्याद्रीचा कडा अभियंत्यांना का मोलाचा वाटला, हे मुलं स्वतःच बोलतात. तुम्हाला काही सांगावं लागत नाही.

याच महिन्यात शाळेचं वीजबिल फळ्याशेजारी लावा. मागच्या बारा महिन्यांची युनिटं बिलावर असतात, त्यांचा स्तंभालेख काढून घ्या. नंतर छप्पर मोजा. एक किलोवॉटच्या सौर यंत्रणेला सुमारे १०० चौरस फूट मोकळी जागा लागते आणि आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास मिळतात. तीन किलोवॉट बसवलं तर महिन्याला साधारण ३६० युनिट, पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. चिंचेच्या झाडाची सावली दुपारी तीनला छपराच्या कुठल्या कोपऱ्यात पडते, हे एका गटाने तासातासाने खडूने आखावं. सौर कंपनीचा साइट सर्व्हे करणारा माणूस छपरावर येऊन हेच करतो. हे मुलांना काम संपल्यावर सांगा, आधी नको.

वाऱ्याचा प्रयोग पावसाळ्यातच होतो, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर हाच वाऱ्याचा हंगाम. प्लास्टिकच्या चार अर्ध्या वाट्या, दोन आडव्या काड्या आणि मध्ये खिळा एवढ्यावर वेगमापक होतो. एका वाटीला लाल रंग द्या आणि मिनिटातले फेरे मोजा. वर्गाच्या दारात, मैदानात आणि टेकडीवर मोजलं की फरक दिसतो. मग फळ्यावर एकच ओळ लिहा: वाऱ्याचा वेग दुप्पट, तर त्यातली शक्ती आठपट. पंखे पठारावर का उभे आहेत, याचं उत्तर या ओळीत आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: उन्हातला मल्टीमीटर

पाऊस सरला की सौरप्रयोग करा. साधा डिजिटल मल्टीमीटर काहीशे रुपयांत मिळतो, ५ किंवा ६ व्होल्टचं छोटं सौर पॅनेलही तसंच. पॅनेल आडवं ठेवून प्रवाह मोजायचा, मग दक्षिणेकडे १०, २०, ३०, ४५ अंशांत कलवून. आपल्या भागाचा अक्षांश साधारण १७ ते १८ अंश आहे आणि पक्की बसवलेली पॅनेलं दक्षिणेला साधारण तेवढ्याच कोनात का असतात, हा प्रश्न इथे आपोआप येतो. हिवाळ्यात मोजलं तर जास्त प्रवाह याहून मोठ्या कोनाला मिळेल, कारण सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो. मुलं ‘सर, आकडा चुकला’ म्हणतील. तो चुकलेला नाही. वर्षभराचा मध्य आणि एका दिवसाचं मोजमाप यातला फरक समजावायला याहून चांगली संधी नाही.

पुढचा प्रयोग बोटाचा. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवा. झाकली गेली जेमतेम एक पट्टी, पण प्रवाह किती पडतो ते बघा. पेशी एकामागे एक जोडलेल्या असतात, म्हणून एक अडली की सगळी साखळी अडते. पक्ष्याची विष्ठा, वाळकं पान, धूळ, सगळ्याचा अर्थ लागतो. सौर प्रकल्पात पॅनेल धुणं आणि खालचं गवत कापणं हे पगारी काम का आहे, तेही कळतं.

एक ताकीद मात्र ठामपणे द्या. हे खेळण्यातल्या पॅनेलवरच करायचं. छपरावरच्या खऱ्या यंत्रणेत पॅनेलांची माळ शेकडो व्होल्टचा एकदिश प्रवाह देते आणि ऊन आहे तोवर पॅनेलातला विद्युतदाब कुठल्याही बटणाने बंद होत नाही. कुठल्याही मुलाने घरी जाऊन तिथे हात घालू नये.

एखाद्या गटाची कल्पना चांगली निघाली तर ती इन्स्पायर-मानक या शाळकरी मुलांच्या कल्पनांसाठीच्या केंद्र सरकारच्या योजनेत पाठवा. निवड झाली तर नमुना तयार करायला मुलाच्या खात्यात १०,००० रुपये येतात. अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे हाताने वस्तू बनवून शिकायची प्रयोगशाळा, असलेली शाळा जवळ असेल, तर एक दिवस तिथे घालवा.

डिसेंबर-जानेवारी: माणसं बोलवा, मग यंत्राकडे चला

पाहुणा निवडताना माझा एक नियम आहे. समोरच्या मुलापासून तीन-चार वर्षांच्या अंतरावरचा माणूस बोलवा. मुख्य अभियंता आले तर शाळेची शोभा वाढते, पण नववीतल्या मुलाला ती खुर्ची वीस वर्षं लांब दिसते. आयटीआय करून दोन वर्षं झालेला शाळेचाच माजी विद्यार्थी, महावितरणचा लाइनमन, कारखान्यातला बॉयलर अटेंडंट, सौर पंप बसवणारा गावातला मुलगा हे तुमचे खरे पाहुणे. महावितरण आपल्या लाइनमनला ‘जनमित्र’ म्हणते आणि ४ मार्च हा लाइनमन दिवस म्हणून पाळला जातो. नववीच्या वर्गात त्यांना बोलवायला तो दिवस चांगला.

प्रश्न मुलांनी आधी लिहून आणावेत. ‘तुमच्या यशाचं रहस्य काय’ हा प्रश्न खोडून टाका. त्याऐवजी: आज सकाळी किती वाजता कामाला निघालात? हातात कोणतं हत्यार सर्वात जास्त असतं? शेवटचा बिघाड कोणता, आणि तो कसा सापडला? नोकरी कायम आहे की कंत्राटी? शाळेतलं काय कामाला आलं? पवनचक्कीवर काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला सातवीतल्या मुलीने विचारलं होतं, “दादा, वर चढताना भीती नाही वाटत?” तो म्हणाला, “वाटते ना. म्हणून तर पट्ट्याला दोन हुक असतात. एक सोडायचा तर दुसरा लागलेला पाहिजे.” पुढचे दहा मिनिटं वर्ग फक्त त्या दोन हुकांबद्दलच बोलत होता.

कंत्राटी कामाचा विषय टाळू नका. सौर आणि पवन क्षेत्रात देखभालीची बरीच कामं ठेकेदारामार्फत चालतात. पगार, विमा, सुट्टी, अपघात झाला तर जबाबदार कोण, हे मुलांच्या कानावर पडलंच पाहिजे. विजेचं काम चुकीला माफ करत नाही, हेही.

भेटीसाठी सर्वात सोपी जागा म्हणजे जवळचं ३३/११ केव्ही उपकेंद्र, जिथे ३३ हजार व्होल्टची वीज ११ हजार व्होल्टवर उतरवतात. महावितरणच्या उपविभागीय कार्यालयाला मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र महिनाभर आधी द्या: किती मुलं, कोणता वर्ग, किती वेळ, सोबत किती शिक्षक. मुलं कुंपणाच्या आत कुठवर जाऊ शकतात हे तिथले अभियंते ठरवतील, त्यात घासाघीस करू नका. छत्री, लांब काठी, धातूचा डबा बरोबर नको.

कारखान्याला गाळप हंगामात गेलात तर टरबाइनचा आवाज, उष्णता आणि नियंत्रण कक्ष दिसेल. हंगाम संपल्यावर गेलात तर यंत्रं उघडलेली असतात, फिटर आत वाकून काम करताना दिसतो. मला दुसरी भेट जास्त शिकवणारी वाटते. शक्य असेल तर दोन्ही करा. पठारावर डिसेंबर ते फेब्रुवारीत जा, तेव्हा धुकं-पाऊस नसतो आणि वारा कमी असल्याने दुरुस्तीची कामं चालू असण्याची शक्यता जास्त. टॉवरच्या आत मुलांना नेऊ नका, पायथ्याशी उभं राहूनही बघण्यासारखं खूप असतं. पाती घाटातून वर कशी आणली असतील, पाया किती खोल असेल, रस्ता कोणी आखला असेल? इथेच सिव्हिलचा डिप्लोमा, सर्व्हे, क्रेन ऑपरेटर आणि जमिनीची कागदपत्रं सांभाळणारा माणूस हे सगळे गोष्टीत येतात. आपल्या पठारांवरची बरीच यंत्रं जुनी, काहीशे किलोवॉटची आहेत. आज एकेक यंत्र दोन-तीन मेगावॉटचं येतं. जुनं काढून त्या जागी नवं बसवायचं, याला ‘रीपॉवरिंग’ म्हणतात आणि केंद्र सरकारचं त्यासाठी धोरण आहे. आज आठवीत असलेल्या मुलांच्या वाट्याला हे काम येऊ शकतं.

कोयनेच्या भूमिगत वीजगृहात सहज प्रवेश मिळत नाही, ती सुरक्षित जागा आहे. परवानगी मिळाली तर उत्तम, पण मुलांना आधी कबूल करू नका.

फेब्रुवारी ते जून: वाटा आणि कागद

आता फळ्यावर वाटा काढा. पाठीमागे पालक बसलेले असावेत.

आयटीआयमध्ये वायरमन हा दोन वर्षांचा व्यवसाय आठवी उत्तीर्णवर मिळतो. इलेक्ट्रिशियन आणि फिटरही दोन वर्षांचे, पण दहावी लागते. सोलर टेक्निशियन हा दहावीनंतरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम, सगळ्या आयटीआयमध्ये नसतो. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीसाठी दहावी आणि इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचं आयटीआय लागत आलं आहे, म्हणून फक्त सौरचा अभ्यासक्रम घेण्याआधी मुलाने दोनदा विचार करावा. माझं मत स्पष्ट आहे: आधी इलेक्ट्रिशियन, मग सौरचं जादा प्रशिक्षण. पाया रुंद असला की सौर, पवन, कारखाना, महावितरण, स्वतःचं दुकान, सगळीकडे दार उघडं राहतं. ‘सूर्यमित्र’ हे सुमारे तीन महिन्यांचं प्रशिक्षण अशाच मुलांसाठी आहे. अठरा पूर्ण झाल्यावर विचार करावा.

डिप्लोमाला दहावीत ३५ टक्के पुरतात आणि तो तीन वर्षांचा असतो. कऱ्हाडचं शासकीय तंत्रनिकेतन जवळ आहे. आयटीआयची दोन वर्षं केलेल्याला किंवा बारावी विज्ञान झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. डिप्लोमा झालेल्याला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. ही जिन्याची गोष्ट पालकांना नीट समजावा, कारण ‘आयटीआय केलं की पोरगा तिथेच अडकला’ ही भीती घराघरात आहे आणि ती खरी नाही. अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित घेऊन एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देणं ही तिसरी वाट. कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चं आणि सांगलीचं वालचंद १९४७ चं. दोन्हीकडे एसटीने जाता येतं.

मुलींच्या पालकांशी वेगळं बोला. ‘खांबावर चढायचं काम’ म्हणून विषय बंद होतो, पण नियंत्रण कक्ष, आराखडे, चाचणी, साइट सर्व्हे, सौर पंपांचे कंट्रोलर दुरुस्त करणं हे सगळं याच क्षेत्रात आहे, आणि चढायचं असेल तर मुलीही चढतात. पैशांचंही सांगा. डिप्लोमा किंवा पदवीला जाणाऱ्या मुलींसाठी एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची) ‘प्रगती’ शिष्यवृत्ती वर्षाला ५०,००० रुपयांची आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावं लागतं आणि एका घरातल्या दोन मुलींना मिळू शकते. शिवाय २०२४-२५ पासून राज्याने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, त्याच उत्पन्नमर्यादेतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. आपल्या मुलीला ती कशी लागू होते, हे प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयातच विचारून घ्यावं.

कागदपत्रांचं काम एप्रिलमध्येच सुरू करा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, आणि ज्यांना लागते त्यांची जात पडताळणी. निकाल लागल्यावर सेतू केंद्रात झुंबड उडते, आणि गुण असूनही कागद नाही म्हणून मुलाची जागा गेलेली मी पाहिली आहे. आयटीआयचे अर्ज व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर, डिप्लोमाचे तंत्रशिक्षण संचालनालयाच्या. दोन्हींच्या तारखा शाळेच्या फलकावर मोठ्या अक्षरात लावा आणि अर्ज भरायला शाळेचा संगणक दुपारी खुला ठेवा.

राहिली ती जाड वही. दर वर्षी दहावीतून गेलेल्या प्रत्येक मुलाची एक ओळ: कुठे प्रवेश, कोणता व्यवसाय किंवा शाखा, नंतर कुठे काम. दिवाळीच्या सुट्टीत माजी विद्यार्थी गावी येतात, तेव्हा ओळी पूर्ण करून घ्या आणि विचारून ठेवा, जानेवारीत एक तास येशील का? तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून पाहुणे शोधायला वहीबाहेर जावं लागत नाही.